कपाळ, दात आणि टॉवेल : घरातल्या वस्तूंच्या निर्धोकपणाचा विचार

घरात रोज वापरल्या जाणाऱ्या वस्तू निर्धोक असाव्यात, याबद्दल दुमत नसते. मतभेद सुरू होतो तो निर्धोक कशाला म्हणायचे या प्रश्नापाशी. अलीकडे या प्रश्नाचे उत्तर एका सोप्या विभागणीत दिले जाते. एका बाजूला ‘केमिकल’ म्हणून अपायकारक ठरवलेल्या वस्तू आणि दुसऱ्या बाजूला ‘नैसर्गिक’, ‘आयुर्वेदिक’ किंवा ‘घरगुती’ म्हणून डोळे मिटून स्वीकारलेल्या वस्तू अशी ही विभागणी जाहिरातीला सोयीची असली, तरी विचाराला पुरत नाही. कारण मीठ आणि हळद हीदेखील रसायनेच आहेत, आणि तंबाखूचे पान, शिसे व पारा हे निसर्गातूनच आलेले आहेत. म्हणून प्रस्तुत व्याख्यानात ही विभागणी बाजूला ठेवून वेगळे प्रश्न विचारले आहेत : वस्तूत नेमके काय आहे, किती आहे, ते शरीराच्या कोणत्या भागाला किती काळ लागते, आणि हे सारे तपासून पाहण्याची जबाबदारी कोणाची आहे. या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी सोलापूर जिल्ह्याबाहेर जाण्याची फारशी गरज नाही. दाताला लागणारी मिश्री, कपाळाला लागणारे कुंकू आणि अंगाला लागणारा टॉवेल या तीन ओळखीच्या वस्तू त्यासाठी पुरेशा आहेत.

आरंभी दोन संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. एखाद्या पदार्थात इजा करण्याची जी अंगभूत शक्ती असते, तिला ‘अपायक्षमता’ म्हणावे. आणि त्या पदार्थाशी प्रत्यक्ष संपर्क आल्यामुळे इजा होण्याची जी शक्यता निर्माण होते, तिला ‘जोखीम’ म्हणावे. संडास धुण्याच्या ॲसिडची बाटली झाकण लावून उंच फळीवर ठेवलेली असते तेव्हा तिची अपायक्षमता कायम असूनही जोखीम अल्प असते. तेच ॲसिड ब्लीचिंग पावडर टाकलेल्या फरशीवर ओतले, की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात काही क्षणांत श्वास कोंडतो. दोन वस्तू सुट्या असताना जे घडत नाही, ते एकत्र येताच घडते, म्हणून ‘ही वस्तू वाईट की चांगली’ या प्रश्नाला वापराची रीत कळल्याशिवाय अर्थ राहत नाही. याच कारणाने अंगाला क्षणभर लागून धुतला जाणारा साबण आणि दिवसभर त्वचेवर राहणारा लेप यांना एकच माप लावता येत नाही, आणि जमिनीवर रांगून हात तोंडात घालणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर मोठ्यांचे माप मुळीच चालत नाही.

मिश्री : घरगुतीपणाचे कवच

‘घरी केलेले ते निर्धोक’ या समजुतीची सर्वांत कठोर परीक्षा मिश्रीपाशी होते. काळी तंबाखू तव्यावर करपेपर्यंत भाजून तिची भुकटी केली की मिश्री किंवा मशेरी तयार होते. ती बोटावर घेऊन दात आणि हिरड्यांवर घासण्याची पद्धत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात आणि शहरांच्या कष्टकरी वस्त्यांत, विशेषतः स्त्रियांमध्ये, दीर्घकाळ रुजलेली आहे. तिच्यात कारखान्यातले कोणतेही द्रव्य मिसळलेले नसते, ती स्वतःच्या चुलीवर होते आणि तिला दंतमंजनाचा मान असतो. त्यामुळे विडी ओढणाऱ्या स्त्रीकडे जो समाज नापसंतीने पाहतो, तोच समाज मिश्री लावणाऱ्या स्त्रीला व्यसनी मानत नाही. हजारो स्त्रियांचा संसार विड्या वळण्यावर चालतो अशा सोलापुरात तंबाखू ही तर परकी वस्तूच नव्हे. ती सूप, पाने आणि कात्री यांच्यासारखीच घरातली होऊन जाते.

भाजल्याने तंबाखूतील निकोटीन नाहीसे होत नाही. निकोटीन हे मेंदूवर परिणाम करून तल्लफ निर्माण करणारे द्रव्य असून ते तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेतून थेट रक्तात उतरते. म्हणूनच सकाळी दात घासण्यासाठी सुरू झालेली मिश्री हळूहळू दुपारी, संध्याकाळी आणि रात्रीही लागते, आणि ‘मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’ किंवा ‘डोके चढते’ या तक्रारींत दंतस्वच्छतेची गोष्ट मागे पडून व्यसनाची लक्षणे बोलू लागतात. तंबाखूत निकोटीनपासूनच तयार होणारी नायट्रोसामाइन नावाची संयुगे कर्करोगाला कारणीभूत ठरतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने धूरविरहित तंबाखूला, म्हणजे चघळल्या, नाकात ओढल्या किंवा घासल्या जाणाऱ्या तंबाखूला, माणसात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे.

या हानीचा दुसरा पैलू पोटातल्या बाळाशी निगडित आहे. मुंबईत १,२१७ गर्भवती स्त्रियांच्या पाहणीवर आधारलेला आणि २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात महत्त्वाचा आहे. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन, इतर कारणांचा प्रभाव वजा केल्यावरही, सरासरी १०५ ग्रॅमनी कमी भरले आणि गर्भारपणाचा काळही सुमारे सहा दिवसांनी घटलेला आढळला. या मातांपैकी बहुसंख्य मिश्रीच वापरत होत्या. अडीच किलोच्या आसपास रेंगाळणाऱ्या जन्मवजनात शंभर ग्रॅमची घट किती महाग पडते, हे कोणत्याही सुईणीला वेगळे सांगावे लागत नाही.

केंद्र सरकारने १९९२ मध्ये टूथपेस्ट आणि दंतमंजन यांत तंबाखू वापरण्यास मनाई केली, आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. या मनाईने बाजारातील तंबाखूयुक्त मंजनांवर कायदेशीर बंधन आले, परंतु तव्यावर भाजल्या जाणाऱ्या मिश्रीपर्यंत ती पोहोचू शकली नाही, कारण जेथे उत्पादक, विक्रेता आणि ग्राहक या तिन्ही भूमिका एकाच स्त्रीकडे असतात, तेथे कायद्याला पकडायला दुसरा हात उरत नाही. अशा ठिकाणी मिश्रीच्या जागी पेस्टची नळी देऊनही प्रश्न सुटत नाही. दात पेस्टने घासून झाल्यावरही तल्लफ शिल्लकच राहते. मिश्री सोडणे हे व्यसनमुक्तीचे काम आहे, आणि गर्भवतीच्या तपासणीत ‘तंबाखू खाता का?’ याऐवजी ‘मिश्री लावता का?’ असा नेमका प्रश्न विचारला गेला, तरच ते सुरू होऊ शकते. कारण पहिल्या प्रश्नाला मिश्री लावणारी स्त्री प्रामाणिकपणेच ‘नाही’ म्हणते.

कुंकू : नाव तेच, द्रव्य वेगळे

मिश्रीच्या बाबतीत वस्तूत काय आहे हे सर्वांना ठाऊक असते आणि तिचा अपाय ठाऊक नसतो. कुंकवाच्या बाबतीत याच्या नेमके उलट घडते, कारण तेथे वस्तूत काय आहे हेच कळेनासे झाले आहे. सोलापूर जिल्ह्याशी कुंकवाचे नाते दुहेरी आहे. करमाळा तालुक्यातील केम हे गाव कुंकवाच्या निर्मितीसाठी ओळखले जाते, आणि पंढरपूरच्या पेठेत कुंकू, बुक्का, गुलाल व अष्टगंध यांचे ढीग हे वारीचे जणू अविभाज्य दृश्य आहे. शेजारचे तुळजापूर आणि जिल्ह्यातलेच अक्कलकोट ही तीर्थक्षेत्रेही या मालाची मोठी गिऱ्हाईके आहेत.

पारंपरिक कुंकू हे हळदीचेच रूपांतर होय. हळदीचा पिवळेपणा कुर्कुमिन या द्रव्यामुळे असतो, आणि ते आम्लात पिवळे राहून क्षारात, म्हणजे चुना, पापडखार किंवा धुण्याचा सोडा यांच्या संगतीत, तांबडे होते. पिठल्याचा किंवा वरणाचा डाग पडलेल्या कपड्याला साबण लावताच तो लालसर होतो, हा प्रत्येक घरातला अनुभव याच क्रियेचा पुरावा असून कुंकवाचे सारे शास्त्र त्या डागात सामावलेले आहे. जुन्या कृतींत हळकुंडांना चुना किंवा पापडखार लावला जाई, अथवा टाकणखार, तुरटी आणि लिंबाचा रस यांच्या पुटात ती मुरवून, वाळवून दळली जात. टाकणखारातील बोरॉनही कुर्कुमिनशी जोडले जाऊन लाल रंग देते. तेव्हा खरे कुंकूही ‘रसायनमुक्त’ नसते. त्यातली रसायने कोणती आणि ती का घातली, हे करणाऱ्याला ठाऊक असते, एवढेच त्याचे वैशिष्ट्य. अशा कुंकवाचा रंग काहीसा मंद, किरमिजीकडे झुकणारा असतो आणि उन्हात तो उडतो.

बाजाराला मात्र उडणारा रंग नको असतो. भडक, एकसारखा आणि टिकाऊ लाल रंग स्वस्तात देणारी कृत्रिम रंगद्रव्ये उपलब्ध झाल्यावर पिष्ट किंवा दगडाची पांढरी भुकटी रंगवून तिलाच कुंकू म्हणणे सोपे झाले, आणि नाव तेच राहून आतले द्रव्य बदलले. कपाळावर काळसर डाग पडणाऱ्या रुग्णांच्या तपासणीत त्वचारोगतज्ज्ञांना कुंकवात सुदान १ यासारखी अॅझो रंगद्रव्ये आढळली. अॅझो म्हणजे नायट्रोजनच्या जोड-अणूंनी दोन वलये सांधलेला रंगांचा मोठा वर्ग. सुदान १ हा त्यातला रंग मेण, तेल, पॉलिश यांसाठी बनवला गेला होता, त्वचेसाठी नव्हे. अशा द्रव्यांमुळे होणारा ‘संपर्कजन्य त्वचादाह’, म्हणजे एखाद्या पदार्थाच्या वारंवार स्पर्शाने शरीराच्या प्रतिकारव्यवस्थेला त्या पदार्थाचे वावडे होऊन त्वचेला येणारी खाज व सूज, बरा झाल्यावरही कपाळावर गडद डाग ठेवून जातो.

चिकटवण्याच्या रीतीतही असाच बदल झाला. पूर्वी कपाळावर मेणाचा ठिपका लावून त्यावर कुंकू टेकवले जाई. टिकली आल्यावर मेणाची जागा कारखान्यातल्या गोंदाने घेतली. काही गोंदांत पॅरा-टर्शरी-ब्युटाइल फिनॉल या द्रव्याचा मोकळा अंश उरतो आणि तो त्वचेला रंग देणाऱ्या पेशी मारतो, हे अलाहाबादच्या त्वचारोगतज्ज्ञांनी १९९० मध्ये टिकलीच्या संदर्भात दाखवून दिले. परिणामी टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग नेमका भुवयांच्या मध्यावर उमटतो, आणि त्याला कोड समजून त्या स्त्रीच्या वाट्याला जे येते ते त्वचेच्या दुखण्याहून अधिक क्लेशदायक असते.

कुंकवाचा विचार करताना शेंदूर वेगळा काढणे अत्यावश्यक आहे. मारुतीला आणि गणपतीला तेलात कालवून फासला जाणारा पारंपरिक शेंदूर हे शिशाचे ऑक्साइड असते. त्याची जागा मूर्तीवर आहे, माणसाच्या त्वचेवर नाही, आणि मुलांच्या बोटांवर तर कधीच नाही, कारण शिसे मुलांच्या वाढत्या मेंदूला इजा करते व त्याची निर्धोक म्हणता येईल अशी मात्रा ज्ञात नाही. उत्तर भारतीय स्त्रिया भांगात भरतात त्या सिंदूरविषयी अमेरिकेतील न्यू जर्सीच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेथील दुकानांतले ९५ आणि मुंबई-दिल्लीतून घेतलेले २३ असे ११८ नमुने तपासले गेले. अमेरिकेतील नमुन्यांपैकी १९ टक्के आणि भारतातील नमुन्यांपैकी ४३ टक्के नमुन्यांत शिसे २० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम, म्हणजे दहा लाख भागांत २० भाग, या मर्यादेहून अधिक निघाले. प्रसाधनांच्या रंगांतील शिशासाठी भारतीय नियमांतही हीच मर्यादा घातलेली आहे, रंगासाठी शिशाची संयुगे वापरण्यास मनाई आहे, आणि कुंकवाच्या भुकटीसाठी भारतीय मानक ब्युरोचे मानकही आहे. तरीही संक्रांतीच्या हळदीकुंकवात एका करंड्यातून अख्ख्या आळीच्या कपाळाला जे लागते, ते त्या मानकाला उतरते की नाही, हे यजमानीण सांगू शकत नाही, दुकानदार सांगू शकत नाही, आणि पाकिटावर ‘फक्त पूजेसाठी’ अशी ओळ छापली की सांगण्याचे बंधनही कोणी मानत नाही.

कपाळाच्या जोडीला चेहऱ्याचाही उल्लेख करणे भाग आहे, कारण तेथील धोका त्वचेपुरता थांबत नाही. रंग उजळवण्याचे आश्वासन देणाऱ्या काही मलमांत पारा मिसळलेला असतो. तो त्वचेतून रक्तात जाऊन मूत्रपिंडाच्या गाळण्यांना इजा करतो आणि लघवीवाटे प्रथिने वाहून जाऊ लागतात. केरळमधील डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळातील अशा विकाराच्या २२ रुग्णांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांपैकी १५ जणांत त्याचा एक विशिष्ट प्रकार सापडला आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाचे मलम वापरल्याचे सांगितले. भारतीय नियमांनुसार डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता अन्य प्रसाधनांत नकळत आलेला पाराही दहा लाखांत एक भागापेक्षा अधिक चालत नाही. म्हणून ज्या डबीवर उत्पादकाचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नाही, ती डबी आठवड्यात चेहरा उजळवत असेल, तर तोच तिच्याविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा समजावा.

टॉवेल : सोलापूर एकदा शिकलेला धडा

येथवरच्या विवेचनातून निराशेचा सूर निघू शकेल. परंतु वस्तूतील विषारी द्रव्य काढून टाकण्याचे काम सोलापूरच्या वस्त्रव्यवसायाने एकदा केलेले आहे, आणि ते कसे घडले हे पाहिले की पुढची वाट दिसते. भौगोलिक मानांकन मिळालेल्या सोलापुरी चादरी आणि टेरी टॉवेल यांच्या रंगवणीत अॅझो वर्गातले रंग आणि नॅप्थॉल पद्धतीचे रंग दीर्घकाळ वापरात होते. नॅप्थॉल पद्धतीत सूत आधी एका द्रावणात आणि मग दुसऱ्या, ‘बेस’ म्हटल्या जाणाऱ्या द्रावणात बुडवले जाते आणि रंग धाग्यातच तयार होतो. बहुतेक अॅझो रंग निर्धोक असले तरी त्यांतले काही विघटित होऊन बेंझिडीनसारखी ‘अरोमॅटिक अमाइन’ द्रव्ये मोकळी करतात, आणि रंगकारखान्यांतील कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होण्यामागे ही द्रव्ये आहेत हे विसाव्या शतकात सिद्ध झाले होते.

हे ज्ञान जुने असूनही बदल घडला तो जर्मनीने १९९४ मध्ये अशा रंगांच्या कापडावर बंदी जाहीर करून १९९६ पासून ती अमलात आणल्यावर. भारत सरकारनेही १९९० च्या दशकात टप्प्याटप्प्याने बेंझिडीनवर आधारलेल्या आणि अन्य अॅझो अशा एकूण ११२ रंगांना मनाई केली, आणि २००२ मध्ये युरोपीय संघाने २२ अमाइनांसाठी किलोमागे ३० मिलिग्रॅम ही मर्यादा ठरवली. परदेशी जाणाऱ्या टॉवेलचा तुकडा प्रयोगशाळेत तपासला जाऊ लागला, आणि नमुना नापास झाला तर मालच परत येणार असल्याने रंगाच्या डब्यापासून हौदापर्यंतची साखळी सुधारावी लागली. या सर्व काळात जर्मनीतल्या कोणत्याही गृहिणीला टॉवेल विकत घेताना बेंझिडीनचे नाव पाठ करावे लागले नाही. तिच्या सावधपणावर काहीही सोपवले गेले नव्हते. वस्तू तिच्यापर्यंत येण्याआधीच प्रश्न विचारला गेला होता आणि त्याचे उत्तर देणे विकणाऱ्यावर बंधनकारक होते. शिवाय या बदलाचा पहिला लाभ वापरणाऱ्याला नव्हे, तर हौदात हात बुडवून सूत रंगवणाऱ्या कामगाराला झाला, कारण अपायकारक द्रव्याशी सर्वाधिक संपर्क त्याचाच येत होता.

जबाबदारी कोणाची

टॉवेल आणि कुंकू यांची तुलना केली असता विषमता स्पष्ट होते : परक्याच्या अंगाला लागणाऱ्या कापडाची जी चाचणी या जिल्ह्याला शक्य झाली, ती घरच्या कपाळाला लागणाऱ्या भुकटीची होत नाही. याचे कारण ज्ञानाचा अभाव नव्हे, तसेच यंत्रांचा अभावही नव्हे. शिशाचे मापन ही कोणत्याही सुसज्ज प्रयोगशाळेला जमणारी गोष्ट आहे. उणीव आहे ती नमुना परत पाठवणाऱ्या गिऱ्हाइकाची. तीर्थक्षेत्रात कुंकू बहुधा ढिगातून सुटे मोजून दिले जाते आणि त्या ढिगापाशीच करणाऱ्याचे नाव पुसले जाते, त्यामुळे केमच्या हळदीच्या कुंकवाला आणि कोठूनतरी आलेल्या रंगवलेल्या भुकटीला एकच भाव मिळतो व प्रामाणिक उत्पादकाचा खर्च त्याच्याच अंगावर पडतो. टॉवेलच्या बाबतीत परदेशी खरेदीदाराने जे काम केले, ते कुंकवाच्या बाबतीत घाऊक खरेदी करणारी देवस्थाने, बचतगट आणि व्यापारी संघ करू शकतात : प्रत्येक घाण्याला क्रमांक, पाकिटावर घटक आणि ठिकाण, आणि तपासणीचा दाखला असल्याशिवाय माल न उचलण्याचा नियम, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो.

नोंदीचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. याच जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, आणि गावोगाव फिरून केलेल्या त्या नोंदींमुळे ग्रामीण स्त्रीच्या कर्करोगाविषयी अंदाजाऐवजी आकडे बोलू लागले. कुंकवाचा डाग, टिकलीचा पांढरा वण आणि मलमाने बिघडलेले मूत्रपिंड यांची अशी नोंद ठेवण्याची पद्धत दवाखान्यांत रुजली, तर कोणत्या मालामुळे काय झाले हे सांगता येईल आणि तपासणीचा आग्रह धरणाऱ्यांच्या हाती पुरावा येईल.

घराच्या वाट्याला मग थोडे परंतु नेमके काम उरते. नाव-पत्ता नसलेले मलम नाकारणे, शेंदूर मुलांच्या हातापासून दूर ठेवणे, ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र न करणे, खाज आल्यावर टिकली बदलून न पाहता काही दिवस कपाळ मोकळे ठेवणे, आणि मिश्रीला मंजन न म्हणता तंबाखू म्हणणे, ही कामे कोणत्याही नव्या खरेदीशिवाय होण्यासारखी आहेत. निर्धोक वस्तूंकडे वळणे म्हणजे महागड्या ‘नैसर्गिक’ वस्तूंकडे वळणे असा जो ग्रह पसरला आहे, तो यामुळे दूर व्हावा. कारण या यादीतल्या बहुतेक गोष्टी काहीतरी सोडण्याच्या आहेत, विकत घेण्याच्या नाहीत. उरलेले काम मात्र आरशासमोर उभ्या असलेल्या स्त्रीवर टाकता येणार नाही. ते केमच्या गिरणीपाशी, पंढरपूरच्या ढिगापाशी आणि तपासनिसाच्या टेबलापाशी, म्हणजे कुंकू करंड्यात पडण्याच्या आधी, पुरे व्हायला हवे.